मामींची चार वाजताची पंगत

“ही आमटी हाय का खीर?”

शेजारच्या टेबलावरचा माणूस हे बायकोच्या कानात म्हणाला होता. पण आयुष्यभर ट्रॅक्टरवर बसून बोललेल्या माणसाची कुजबुज ती. स्वयंपाकघराचा पडदा हलला आणि हातात डाव घेऊन मामी बाहेर आल्या.

“हात पुढं करा,” त्या म्हणाल्या.

त्याने मुकाट्याने उजवा तळहात पुढे केला. मामींनी डावातला हिरवट रस्सा थेंबभर त्यावर सोडला. “आदी चाखा. मग सांगा, आमटी का खीर.”

त्याने चाटलं. जरा वेळ छताकडे बघितलं. आणि तळहातावर काही ओलं घेतल्यावर आपल्याकडे माणूस जे करतो, तेच केलं. हात डोक्यावरून फिरवला.

“अवो, तीर्थ न्हाई ते!” बायको ओरडली.

“ऱ्हाऊ द्या,” मामी म्हणाल्या. “नारळाचंच दूध हाय. केसाला चांगलं.”

डोक्याला रस्सा लावून घेणारी अशी माणसं मी पुढच्या आठ महिन्यांत इतकी पाहिली की कोण लावणार आणि कोण नाही, हे मला चेहऱ्यावरून कळू लागलं. तुम्हीही तिथे बसला असतात तर तुम्हालाही कळलं असतं. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही लावून घेतला होता.

सोनईला मी माती-पाणी तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत नोकरीला होते. शेतकरी पिशवीत माती घेऊन येत, मी तिचा रिपोर्ट काढून देई. मातीशी बोलावं लागत नाही, म्हणून काम मला आवडायचं. नगरच्या इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, मराठीत चार लोकांसमोर बोलायचं तर मी आधी वाक्य मनात जुळवते. ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. लोकांना वाटतं, पोरीला गर्व आहे. मी तो समज मोडत नाही. मोडायलाही बोलावं लागतंच.

प्रयोगशाळा साडेतीनला बंद व्हायची. त्यानंतर जेवायला कुठे जायचं, हे शोधताना मला रस्त्याकडेची ती पाटी दिसली. पांढऱ्या रंगात लिहिलेलं: ‘घरगुती थाई जेवण’. त्याखाली हिरव्या रंगात: ‘शुद्ध शाकाहारी’. आणि सगळ्यात खाली, लोकांनी विचारून विचारून भंडावल्यावर खडूने लिहिलेलं: ‘मिसळ मिळणार नाही’.

प्रत्येक गावात असं एक तरी दुकान असतं, जे तिथे का आहे हे कोणालाच सांगता येत नाही. सोनईत ते हे होतं. घराच्या पुढच्या खोलीत सहा टेबलं. देवदर्शनाला निघालेल्या गाड्या वाटेत थांबायच्या, राहुरीहून कॉलेजची मुलं मोटरसायकलवर यायची, आणि गावातली नवी लग्न झालेली जोडपी एकदा तरी यायचीच. बसल्याबसल्या प्रत्येक जण तेच विचारायचा.

“मामी, काड्या कुठंयत?”

“काड्या न्हाईत. थायलंडात भात चमच्यानं खात्यात.”

“तुमी गेल्ता व्हय थायलंडला?”

“न्हाई. पन थायलंडच्या पंगतीला वीस वर्सं जेवलेय.”

हे खरं होतं. मामा टेम्पो चालवायचे. लग्नानंतर काही वर्षांनी ते मामींना घेऊन गोव्याला गेले, समुद्रकाठच्या एका गावात. तिथे एका थाई कुटुंबाचं हॉटेल होतं. आई, दोन मुली आणि एक जावई. मामा त्यांचा बाजारहाट टेम्पोतून आणायचे आणि मामी भांडी घासायच्या. भांड्यांवरून भाजी चिरण्यावर, चिरण्यावरून वाटणावर, आणि वाटणावरून चुलीपाशी जायला त्यांना नऊ वर्षं लागली. “आमच्या थायीनबाई,” असं त्या मालकिणीबद्दल म्हणायच्या, जशी आपल्याकडे एखादी ‘आमच्या मास्तरीनबाई’ म्हणते.

“तिला मराठी येत न्हवतं, मला थाई येत न्हवतं. ती चमचा पुढं करायची. मी चाखायची. ती भुवया वर करायची. मी बोट दाखवायची, हे मीठ, हे लिंबू. येवढीच शाळा.”

थायीणबाईंच्या हॉटेलात एक रीत होती. संध्याकाळची गिऱ्हाइकं यायच्या आधी, चार वाजता, दार लोटून घ्यायचं आणि घरातल्या सगळ्यांनी एका टेबलाला बसायचं. मालकीण, मुली, जावई आणि भांडी घासणारी बाई. रस्से मध्यभागी. भात ज्याच्या-त्याच्या ताटलीत. आणि पहिला डाव आपल्या ताटात घ्यायचा नाही. शेजारच्याच्या ताटात वाढायचा.

“पैल्या दिवशी थायीनबाईनं माज्या ताटात वाढलं,” मामी सांगायच्या. “सासरी मला सगळ्यांच्या मागून पातेल्याच्या तळाचं मिळायचं. आन हितं मालकीन मला आदी वाढती. मी उठूनच उभी ऱ्हायले. तिला वाटलं, जेवन आवडलं न्हाई.”

सोनईला परत येऊन स्वतःचं हॉटेल काढल्यावर त्यांनी ही रीत तशीच ठेवली. चार वाजले की पाटी उलटी. आणि त्या वेळी जो कोणी आत असेल तो पंगतीला. मी पावणेचारला पोचणारी, म्हणजे रोजच आत असणारी. पहिल्या आठवड्यात मी कानाला इयरफोन लावून भिंतीकडच्या टेबलावर बसले होते, गाणं न लावता. ते एक कुंपण असतं. मामी आल्या, माझी ताटली उचलली आणि आपल्या टेबलावर नेऊन ठेवली. मला नेलं नाही, फक्त ताटली नेली. मग मला तिच्यामागे जावंच लागलं.

“कोनी येकटं जेवायचं न्हाई हितं,” त्या म्हणाल्या. “बोलू नको पायजे तर. पन शेजारी वाढ.”

तेव्हापासून आठ महिने मी त्या टेबलाला जेवले. मामी, त्यांचा मुलगा, सून आणि मी. मुलगा दूध संकलनाच्या गाडीवर होता, तो असला तर असला. मला कोणी काही विचारलं नाही. मी शेजारी वाढत राहिले. नगरला घरी आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या वेळी जेवायचो, तिघांच्या हातात तीन मोबाईल. त्यामुळे संध्याकाळचे चार ही माझ्या दिवसाची वेळ झाली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मामा मात्र त्या पंगतीला बसत नसत.

ते बाहेर ओट्यावरच्या बाजेवर बसून भाकरी-भाजी खायचे. गळ्यात तुळशीची माळ. गोव्यातही ते टेम्पोतच डबा उघडायचे, कारण आत मासळीच्या पाण्याचा सॉस प्रत्येक पातेल्यात पडायचा. तिथलं ठीकच होतं. पण इथे मामींनी सगळं शाकाहारी केलं होतं. मासळीच्या सॉसऐवजी सोयाबीनचा काळा सॉस. त्यांच्या मसाल्यात होतं काय, तर मिरची, आलं, लसूण, कोथिंबिरीची मुळं, लिंबाची कोवळी पानं आणि परसातला गवती चहा. थायीणबाई एक तुळशीसारखा पाला घालायच्या. इथे तुळस घालायला मामांनीच हरकत घेतली, “माळंतली तुळस आमटीत?” तेव्हा मामींनी सब्जा लावला, त्याचा पाला घातला. जवळजवळ तीच चव आली. इतकं करूनही मामा म्हणायचे, “त्या बाटलीचा वास अजून नाकात हाय माज्या.”

“मी ती बाटली आनतच न्हाई.”

“तू आनत न्हाईस. पन वास हाय.”

 मामी मात्र रोज चार वाजता पाचवी ताटली मांडायच्या. ती कोरीच परत फळीवर जायची. मी ते बघायचे. ज्या रीतीने त्यांना एका परक्या घरात माणसात बसवलं, तिच्यात त्यांचा स्वतःचा नवरा एकदाही बसला नव्हता. त्यांना गिऱ्हाईक हवं होतंच, पण त्याहून हे हवं होतं. ओट्याकडचं दार त्या कधीच लोटायच्या नाहीत, यावरून कोणालाही कळलं असतं.

मग एका महिन्यात दोन गोष्टी झाल्या. सून बाळंतपणाला माहेरी अकोल्याच्या बाजूला गेली, आणि मामींचं उजवं मनगट सुजलं. वाटण सगळं दगडी खलात कुटायचं. मिक्सरमध्ये गवती चहाचे धागे राहतात आणि दातात अडकतात, म्हणून त्यांनी मिक्सर कधी वापरला नाही. डॉक्टरांनी मनगटाला पट्टी बांधली आणि कुटणं बंद करायला सांगितलं.

“मग हॉटेल बंद करू का?” मामींनी डॉक्टरांना विचारलं होतं म्हणे.

मुलगा पुण्याला गेला होता, त्याने तिथल्या एका मोठ्या दुकानातून तयार मसाल्याची बरणी आणली. लाल वाटण, परदेशातलं. बरणीवर एक ठसठशीत मिरची आणि दोन हिरवी पानं. “शाकाहारीच दे म्हनलो मी, दुकानदार व्हय म्हनला,” असं तो म्हणाला. मामींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मुलाने मागची बाजू पाहिली नाही.

मी पाहिली. मंगळवारी. हात धुवायला आत गेले होते आणि बरणी मोरीजवळच्या फळीवर होती. मागे, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, मिरची, लसूण, गवती चहा, मीठ, आणि शेवटून दुसरा शब्द श्रिम्प. कोळंबी.

बाहेर दोन टेबलं जेवत होती. एकावर मामांच्या भजनातले बुवा, जे मित्राच्या हॉटेलात पहिल्यांदाच आले होते. दुसऱ्यावर एक माळकरी शिक्षक.

मी बरणी होती तशी ठेवली. हात पुसले. बाहेर येऊन बसले.

का, याची कारणं मला तेव्हाही पुष्कळ सुचली. कदाचित मामींना माहीत असेल. कदाचित इतक्या थोड्याशाने काही होत नसेल. मी बाहेरची, मी कशाला. अशी कारणं शोधणाऱ्याला ती मिळतातच, तुम्हाला अनुभव असेल. दोन्ही टेबलं उठून गेली. चार वाजता मामींनी नेहमीसारखं माझ्या ताटलीत वाढलं, मी त्यांच्या ताटलीत वाढलं, आणि आम्ही दोघीच जेवलो.

बुधवारी एकादशी. हॉटेल बंद.

गुरुवारी मी गेले तेव्हा मामींचा चेहरा निराळाच होता. पट्टी बांधलेल्या हातानेच त्या टेबल पुसत होत्या. “आज तुजे मामा बसनार हायत,” त्या हळूच म्हणाल्या. “काल रात्री सोताच म्हनले. सून न्हाई, पोरगा गाडीवर, त्या दोन बाया येवढ्या मोठ्या टेबलाला बसून जेवत्यात, बरं न्हाई दिसत. उद्या द्वादशी हाय, जेवायला येतो म्हनले.”

पातेल्यात लाल रस्सा उकळत होता. त्यात भोपळ्याच्या फोडी, कोवळी मक्याची कणसं. वास इतका सुंदर होता की मला रडू येईल असं वाटलं.

मामा आत आले. पाय धुऊन, टोपी काढून. खुर्चीवर बसताना त्यांनी खुर्ची हलवून पाहिली, जशी कोणी परक्याच्या घरची पाहतो. मामी मध्यभागी पातेलं ठेवून उभ्याच होत्या.

“बस की,” मामा म्हणाले. “का लगीन हाय आपलं?”

मामी बसल्या. डाव घेतला. डावा हात, कारण उजवा चालत नव्हता, आणि पहिला डाव मामांच्या ताटात वाढला. मामांनी डोळे मिटून हात जोडले. भात कालवला. घास उचलला.

“मामा, थांबा,” मी म्हणाले. “खाऊ नका. यात कोळंबी आहे.”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मामांचा हात हवेत राहिला. मामी माझ्याकडे बघत होत्या, जणू मी परक्या भाषेत बोलले. मी आत गेले, बरणी आणली आणि त्या शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवलं.

मामांनी घास ताटलीत ठेवला. उठले, मोरीवर गेले, हात धुतला, पुन्हा धुतला. “वीस वर्सं सांगत हुतो,” एवढंच म्हणाले आणि बाजेवर जाऊन बसले, घराकडे पाठ करून.

आता मामी रडतील, असं मला वाटलं. त्यांनी पातेलं उचललं आणि मागच्या दाराने जाऊन रिकामं केलं. मग बाहेर जाऊन खडूच्या फडक्याने पाटीवरचं ‘शुद्ध शाकाहारी’ पुसायला लागल्या. ते रंगाने लिहिलेलं होतं, पुसेना. तेव्हा त्यांनी त्यावर एक जुना टॉवेल बांधला.

मग फोन घेतला.

“बुवा, मी बोलतेय. मंगळवारी माज्या हातनं तुमाला कोळंबी खाऊ घातली गेली. वाटनात हुती. मला ठावं न्हवतं. पन घातली, ते घातलीच.”

 मग बुवांचा आवाज आला, फोन कानापासून लांब होता म्हणून मलाही ऐकू आला. “तुला ठावं न्हवतं, मला ठावं न्हवतं. ज्याला ठावं हाय त्यो बघून घील. मनगटाला तेल लावत जा.”

मग शिक्षकांना लावला. ते ओरडले. भ्रष्ट केलंत, धंदा बंद करा, बरंच काही. मामींनी फोन ठेवला नाही. ते दमेपर्यंत ऐकलं, “व्हय सर. चूक झाली. मला ठावं न्हवतं,” असं म्हणाल्या आणि मगच ठेवला.

‘मला ठावं न्हवतं’ हे वाक्य मी मामींच्या तोंडून दोनदा ऐकलं. ज्याला ठावं हाय, ती तिथेच, खुर्चीवर बसली होती.

मामी आता जमिनीवर खल घेऊन बसल्या होत्या आणि डाव्या हाताने बत्ता उचलत होत्या. बत्ता कडेला लागून घसरत होता. मी खाली बसले आणि त्यांच्या हातातून तो घेतला.

“तुला येतंय का?”

मी मान हलवली, नाही म्हणून.

“आदी मीठ टाक. मग गवती चहा. सगळ्यात चिवट ते आदी. लसून मागनं.”

त्या चिरून देत गेल्या, मी कुटत गेले. दीड तास. गवती चहाचे धागे तुटता तुटत नाहीत. माझ्या हाताला फोड आला, डोळ्यात मिरची गेली. मध्येच एकदा मी बाहेर पाहिलं तर मामांची पाठ तशीच होती, पण मान जराशी आवाजाकडे कललेली. दोन गाड्या टॉवेल पाहून पुढे निघून गेल्या.

पाच वाजून गेल्यावर मामींनी नवा रस्सा उकळला, भात वाढला, त्यावर डाव घातला आणि ताटली बाजेवर मामांच्या शेजारी नेऊन ठेवली. स्वतः उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे.

मामांनी ताटलीकडे पाहिलं नाही. “आता कसा इस्वास ठिवायचा, सांग तूच,” ते रस्त्याकडे बघत म्हणाले. “तुला वाचता येत न्हाई. उद्या आनखी काय येईल बरनीतनं.”

मामींनी पट्टीचा हात पदराखाली घेतला.  “व्हय,” त्या म्हणाल्या. “न्हाई येत.”

“मामा,” मी उंबरा ओलांडून बाहेर आले. “मला येतं वाचता. मी मंगळवारीच वाचलं होतं. बुवा जेवत होते तेव्हा. मी गप्प बसले. मामींना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.”

आता दोघंही माझ्याकडे बघत होते. मला थांबता आलं नाही. “आणि याच्या वाटणात मीठ आहे, गवती चहा, आलं, लसूण, मिरची, कोथिंबिरीची मुळं, लिंबाची पानं. दुसरं काही नाही. सगळं मी कुटलंय.” आणि पुरावा म्हणून, काय सुचलं कोण जाणे, मी त्यांना हाताचा फोड दाखवला.

मामांनी वाकून तो फोड पाहिला.

“म्हंजे एकीला ठावं न्हवतं म्हनून ती गप, आन दुसरीला ठावं हुतं म्हनून ती गप,” ते शेवटी म्हणाले. “बरं घर हाय.” त्यांनी ताटली उचलली. मला वाटलं बाजूला ठेवतील. पण ती घेऊन ते उठले, आत आले आणि टेबलाशी बसले. “हितं बसायचं असतंय ना?”

त्यांनी घास घेतला. चावला. आम्ही दोघी उभ्याच.

“बसा की,” ते म्हणाले. “माज्या तोंडाकडं काय बघताय? भात आन.”

आता मी नगरला परत आले आहे. सोनईला मधूनमधून जाते. वाटणाची प्रत्येक नवी वस्तू मामी माझ्यासाठी फळीवर राखून ठेवतात, मी वाचल्याशिवाय पुडी फुटत नाही. पाटीवरचा टॉवेल मामांनीच सोडला, तोही लगेच नाही, आठवड्याने. शिक्षक पुन्हा आले नाहीत. बुवा येतात.

पण मला आठवतात त्या गुरुवारच्या मामी. दिवस मावळतीला लागला होता, त्यांनी मामांना भात वाढला, मग डाव्या हाताने डाव माझ्या ताटलीकडे आणला आणि तिथेच थांबवला. रागावल्या नव्हत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या.

“मग मंगळवारी का न्हाई बोललीस गं?”

“मला वाटलं, बोलले तर तुमचं दोघांचं बिनसेल, पंगत मोडेल,” मी म्हणाले, “आणि मग मला चार वाजता कोणी बोलावणार नाही.”